ताजं श्वानखाद्य घरपोच मागवताना: पार्सल कुठे आहे, आणि उशीर झाला तर काय करायचं

बुंदीची_आई (पुणे)

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हा धागा आत्ताच काढतेय. कुत्र्यासाठी शिजवून गोठवलेलं ताजं अन्न मागवणारे इथे आता बरेच जण आहेत, आणि दर वर्षी जुलैत तेच प्रश्न विखुरलेल्या धाग्यांवर येतात. घाटात दरड आली, भिवंडीत पाणी भरलं, गणपतीत रस्ते बंद झाले, दिवाळीत कुरिअरवाल्यांकडे ढीग साठला, की आपली पार्सलं अडकतात. हे सगळं एका जागी असावं असं वाटतं.

आमची बुंदी बीगल आहे, वजन १२ किलोच्या आसपास. कातडीच्या त्रासामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने तिला ताज्या अन्नावर आणलं. चिकन, भात, लाल भोपळा, गाजर, थोडी कलेजी, वरून कॅल्शियम आणि बाकीची पूरकं, असं शिजवून, वॅक्युम पाऊचमध्ये भरून, गोठवून, थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक घालून येतं. किचन मुंबईच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.

माझं म्हणणं असं. ट्रॅकिंगची लिंक आपल्याला डबा कुठे आहे ते सांगते. कुत्र्याच्या पोटाला त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला कळायला हवं की डबा फ्रीजरमधून बाहेर येऊन किती तास झाले. पार्सल दारापासून दोन किलोमीटरवर दिसत असेल आणि आतलं अन्न काल रात्रीच वितळलेलं असेल, हे सहज होऊ शकतं. उलट, पार्सल एक दिवस उशिरा येऊनही दगडासारखं गोठलेलं असू शकतं.

म्हणून ऑर्डर देतानाच मी विचारून घेते: डबा कधी भरला जातो (कुरिअरने कधी उचलला ते नाही, भरला कधी), या ऋतूत तो किती तास थंड राहतो, आणि कोणत्या वारी पाठवता. समजा सोमवारी संध्याकाळी ६ ला भरला आणि किचनवाले ३६ तासांची खात्री देतात, तर माझी मुदत बुधवारी सकाळी ६ ची. ती मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. मुदतीच्या आत आलं तर नेहमीची तपासणी करायची. मुदत टळली तर ॲपवर काहीही लिहिलेलं असो, थर्मामीटर लावल्याशिवाय एक पाऊचही वाडग्यात जात नाही. ज्या किचनला या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, तिथून मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आल्यावर काय बघते: स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. पाऊच न फोडता दोन पाऊचच्या मध्ये त्याची सळई दाबून धरायची, मिनिटभर थांबायचं. आत बर्फाचे कण जाणवत असतील किंवा आकडा ५ अंशांच्या खाली असेल तर माल ठीक, लगेच फ्रीजरमध्ये. ५ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा. शिजवलेलं मांस त्यात दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा सर्वसाधारण नियम आहे. पाऊच फुगलेला असेल तर उघडायचाही नाही. वॅक्युम केलं म्हणजे अन्न टिकतं हा मोठा गैरसमज आहे. हवा नसताना वाढणारेही जंतू असतात आणि ते जास्त घातक. वासावर तर अजिबात जाऊ नका. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया असलेल्या अन्नाला वास येईलच असं नाही.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः घाटापलीकडचे, कोकणातले आणि विदर्भातले.

गोदामवाला (भिवंडी)

ताई, धागा चांगला काढलात. मी कुरिअरच्या हबमध्ये सुपरवायझर आहे, तर आतली बाजू सांगतो. लोक स्टेटस वाचून घाबरतात किंवा निश्चिंत होतात, दोन्ही चुकीचं.

पहिलं म्हणजे ट्रॅकिंग म्हणजे पार्सलवर बसवलेला जीपीएस नव्हे. बारकोड जिथे स्कॅन होतो तेवढीच नोंद दिसते. एका स्कॅनपासून दुसऱ्या स्कॅनपर्यंत पार्सल गाडीत असतं आणि स्क्रीनवर ओळ बदलत नाही. 'इन ट्रान्झिट' बारा तास तसंच दिसलं तर गाडी चालूही असेल, खोपोलीला अडकलेलीही असेल.

'शिपमेंट क्रिएटेड' किंवा 'मॅनिफेस्टेड' याचा अर्थ फक्त लेबल छापलं. पार्सल अजून किचनमध्येच असू शकतं. ही गोष्ट खरं तर तुमच्या फायद्याची, कारण तोवर ते त्यांच्या फ्रीजरमध्ये असायला हवं. पण काही ठिकाणी डबा भरून, लेबल लावून, पिकअपची वाट बघत बाहेर ठेवतात. ताई म्हणतात तसं 'भरला कधी' हेच विचारा.

'पिक्ड अप' झालं की प्रवास सुरू, तास मात्र डबा भरल्यापासूनच मोजा. मग उगमाचा हब, मग रात्रीची लाइन गाडी, मग तुमच्या शहराचा हब, मग तुमच्या भागाचं डिलिव्हरी सेंटर. शेवटच्या सेंटरला पार्सल पहाटे पोचतं, सकाळी रायडरला वाटणी होते आणि 'आउट फॉर डिलिव्हरी' पडतं. ही नोंद सगळ्या पार्सलांवर एकदमच पडते. तुमचा नंबर सकाळी दहाचा की संध्याकाळी सातचा, ते रायडरच्या फेरीवर असतं. मधले तास डबा त्याच्या पाठीवरच्या बॅगेत, उन्हात. मला विचाराल तर सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यात होतं.

'कन्साइनी नॉट अव्हेलेबल', म्हणजे ग्राहक घरी नाही. तुम्ही घरी असूनही हे आलं तर संध्याकाळची वाट बघू नका. लगेच फोन लावा आणि सांगा, 'सेंटरवर येऊन स्वतः घेतो, पार्सल बाहेर काढून ठेवा'. एडब्ल्यूबी नंबर (म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) आणि ओळखपत्र लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न होईल म्हणून बसलात तर रात्रभर डबा रॅकवर असतो, आमच्याकडे फ्रीजर नसतो. प्रयत्न संपले की 'आरटीओ' लागतं, म्हणजे परतीचा प्रवास. नाशवंत माल एकदा आरटीओला गेला की संपला.

आणि कृपा करून शुक्रवारी पाठवू देऊ नका. रविवारी बऱ्याच भागांत वाटप होत नाही.

वऱ्हाडी_मन (नागपूर)

पुण्या-मुंबईचा हिशोब आमच्याकडे लागूच होत नाही बापा. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास असते. किचनवाले म्हणतात डबा ३६ तास टिकते, पण ते कोणत्या हवेत? मी सरळ विचारलं, तेव्हा त्यांनी कबूल केलं की तपासणी एसी खोलीत झाली होती. पत्र्याच्या गाडीत दुपारी उभा असलेला डबा आणि एसीतला डबा एकच कसा?

आम्ही इथले चार-पाच घरचे मिळून एकत्र मागवतो. डबा मोठा असला आणि गच्च भरलेला असला की जास्त वेळ थंड राहते, आतला मालच एकमेकाला थंड ठेवते. अर्धा रिकामा डबा लवकर वितळते. एप्रिलपासून जूनपर्यंत विमानाने येणारंच घेतो, महाग पडते पण रात्री निघून सकाळी हातात. आणि घरपोच घेतच नाही. एक जण सकाळीच सेंटरवर जाऊन घेऊन येते, तिथंच वाटणी. दुपारी बारानंतर रायडरच्या बॅगेत आमचं खाणं फिरू द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

पशुवैद्य_साताऱ्याकडे

थोडं वैद्यकीय बाजूने. पार्सल उशिरा येणार हे कळल्यावर पहिला प्रश्न असा की तुमच्या कुत्र्याला वाट बघणं परवडतं का.

निरोगी, मोठ्या वयाच्या कुत्र्याचं एक जेवण चुकलं तर काही बिघडत नाही. पाणी मात्र हवंच. पण लहान पिल्लं, त्यातही छोट्या जातींची, उपाशी राहिली तर रक्तातली साखर पटकन उतरते. सुस्ती, अडखळणं, थरथर, झटके. अशा पिल्लाला पार्सलच्या भरवशावर ठेवूच नका. मधुमेही कुत्र्याला इन्शुलिन चालू असेल आणि खाणं आलं नसेल, तर नेहमीचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. जेवणाशिवाय पूर्ण डोस जिवावर बेतू शकतो. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाच्या सुजेचा आजार असेल तर पर्यायी खाणं आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रीजच्या दारावर लावून ठेवा. आयत्या वेळी शेजारी सुचवतील ते द्यायचं नाही.

बाकीच्यांसाठी घरातलं पर्यायी जेवण: कातडी आणि चरबी काढलेलं चिकन उकडून, हाडं काढून, मऊ भाताबरोबर. त्यात वाफवलेला लाल भोपळा किंवा दुधी. मीठ, मसाला, फोडणी काही नाही. कांदा आणि लसूण अजिबात नाही, पूडसुद्धा नाही, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षं नाहीत. शिजवलेलं हाड नाही, ते तुकडे होऊन टोचतं. हे जेवण दोन-चार दिवसांपुरतं ठीक आहे. पुढे चालवायचं नाही, त्यात कॅल्शियम आणि इतर बऱ्याच गोष्टी अपुऱ्या पडतात.

कोरडं खाणं देणार असाल तर वजन सारखं धरू नका. मला दवाखान्यात वारंवार दिसणारी गडबड हीच. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० किलोकॅलरी असतात, ताज्या शिजवलेल्यात १२० ते १५०. म्हणजे बुंदीएवढी १२ किलोची कुत्री दिवसाला अंदाजे ५०० ग्रॅम ताजं खात असेल, तर कोरडं १८५ ग्रॅमच्या आसपास पुरतं. वाडगा तेवढाच भरलात तर पोट बिघडणार आणि दोष खाण्याच्या ब्रँडवर जाणार. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो, त्यावरून गुणाकार करा.

खाणं एकदम बदललं की जुलाब होतात हे सगळ्यांना माहीत आहे. एरवी आठवडाभरात हळूहळू बदलायचं असतं. उशीर झाला की तेवढा वेळ मिळत नाही. त्यासाठी एक उपाय: एरवीही अधूनमधून एखादं जेवण तुमच्या ठरलेल्या पर्यायी खाण्याचं देत जा. पोटाला ओळख राहते.

शिट्झूप्रेमी (नाशिक)

डॉक्टर, पिल्लू तीन महिन्यांचं आहे. ताज्या अन्नाचं पहिलं पार्सल परवा येणार आहे. तुमचं वाचून भीती वाटली. रद्द करू का?

पशुवैद्य_साताऱ्याकडे

रद्द करायची गरज नाही. सध्याचं पिल्लांचं खाणं निदान दोन आठवड्यांचं घरात असू द्या आणि नवीन आल्यावर हळूहळू मिसळा. ताज्या अन्नाच्या पाकिटावर ते वाढीच्या वयासाठी आहे असं लिहिलंय का ते आधी बघा. मोठ्यांसाठीचं मिश्रण पिल्लाला चालत नाही. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, वेळ चुकवायची नाही.

एकखिडकी (डोंबिवली)

बुंदीची_आई, सगळं पटलं, पण आमच्याकडे सिंगल डोअर फ्रीज आहे. बर्फाचा कप्पा केवढासा! साठा कुठे करायचा? घरात सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांच्या फ्रीजमध्ये चिकनचं पाकीट दिसलं तर मोठा विषय होतो. त्यामुळे दर चार दिवसांनी थोडं थोडं मागवते आणि प्रत्येक वेळी जीव टांगणीला.

बुंदीची_आई (पुणे)

साठ्याबद्दल लिहायचं मुद्दाम ठेवलं होतं, बरं झालं विचारलंत. माझ्या मते उशिरावरचा खरा इलाज तोच आहे. कुरिअर आपल्या हातात नाही, पाऊस नाही. आपला फ्रीजर आपल्या हातात आहे. घरात निदान आठवड्याचं खाणं शिल्लक असताना पुढची ऑर्डर यायला हवी. मग पार्सल दोन दिवस लांबलं तरी धावपळ होत नाही, आणि मुख्य म्हणजे शंकास्पद माल 'आता दुसरं काही नाही' म्हणून कुत्र्यापुढे ठेवायची वेळ येत नाही. बहुतेक वाईट निर्णय त्या हतबलतेतून होतात असं मी बघितलंय.

तुमच्या अडचणीवर: जवळच्या पेट शॉपमध्ये किंवा दवाखान्यात डीप फ्रीजर असतो. महिन्याला थोडे पैसे देऊन एक कप्पा मिळतो का विचारा, आमच्या भागात एका दुकानाने अशी सोय केली आहे. सोसायटीत अजून कोणी मागवत असेल तर दोघींत मिळून छोटा चेस्ट फ्रीजर परवडतो. सासूबाईंच्या भावनेचा मान राखूनच हे करायला हवं, आणि वेगळा फ्रीजर हा त्यांच्यासाठीही बरा. पाऊच आडवे, चपटे रचा, जागा कमी लागते. तुमच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा −१८ पर्यंत जातो का तेही एकदा मोजा. जात नसेल तर तिथे जास्त दिवस साठवू नका.

वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद दाराने साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४. खालचा फ्रीज मात्र चारच तास. जेल पॅक फेकू नका, फ्रीजरच्या रिकाम्या जागेत भरून ठेवा. वितळवायचं ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. घाई असेल तर बंद पाऊच थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत. उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांत संपवायचं.

काजूबाग (रत्नागिरी)

आमच्याकडे थंड पार्सल घरपोच देणारं कुरिअर येतच नाही. तरी आमचा टिप्या वर्षभर ताजं खातो. पुण्याचं एक छोटं घरगुती किचन रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या बसने डबा देतं. ट्रॅकिंग म्हणजे बसचा नंबर आणि ड्रायव्हरदादांचा मोबाइल. संध्याकाळी डबा भरतानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, त्यात घड्याळ दिसेल असं आम्ही सांगून ठेवलंय. बस पहाटे येते, मी किंवा माझा भाऊ स्टँडवर उभे असतो. रात्रीचा प्रवास असल्याने ऊन लागत नाही. डिकीत डबा इंजिनापासून लांब ठेवा एवढं सांगावं लागतं.

पावसाळ्यात कुंभार्ली किंवा आंबा घाटात झाड पडलं, दरड आली की बस तासन्‌तास उभी. तेव्हा ड्रायव्हरदादा फोन उचलतात, कोणत्याही ॲपपेक्षा लवकर कळतं. त्यांच्याशी नीट बोला, दिवाळीला मिठाई द्या. त्यांच्यामुळे आपल्या लेकराचं पोट भरतंय. जुलै-ऑगस्टचा साठा आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यातच भरून घेतो.

साधं_राहा (कोल्हापूर)

राग मानू नका, पण येवढा खटाटोप कशाला? आमच्या आजोबांच्या वेळेपासून वाड्यात कुत्री हायत. घरातली भाकरी, ताक, कधी मटणाचं पाणी, येवढ्यावर चांगली बारा-चौदा वर्षं जगली. घरी शिजवा की. चिकन आणायला दहा मिनटं, शिजवायला अर्धा तास. ना ट्रॅकिंग, ना वितळायची भानगड.

बुंदीची_आई (पुणे)

राग कसला दादा. घरी शिजवणं उत्तमच, ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर करावं. पण डॉक्टरांनी वर लिहिलंय तसं, चिकन-भात रोज दिला तर कॅल्शियम, जस्त, आयोडीन अशा गोष्टी कमी पडतात. त्यासाठी आहारतज्ज्ञ पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घ्यावं लागतं आणि ते रोज काटेकोर पाळावं लागतं. वाड्यातली कुत्री दिवसभर मोकळी फिरायची, बाहेरही काहीबाही खायची. फ्लॅटमधली कुत्री आपण देऊ तेवढंच खाते, त्यामुळे जे कमी पडेल ते कमीच राहतं. आम्ही दोघंही नोकरीला बाहेर असतो, म्हणून तयार मागवतो. घरी शिजवणं हा उशिरावरचा माझा पहिला पर्याय आहेच.

साधं_राहा (कोल्हापूर)

हे पटलं. जस्त-आयोडीनचं कधी ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांना विचारतो.

अटलांटिककाठ (न्यू जर्सी)

इकडे हे प्रकार बरेच रुळलेत. डब्यात बहुधा ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) असतो, त्यामुळे दारात दिवसभर राहिलं तरी बऱ्याचदा माल गोठलेला मिळतो. अडचण हिवाळ्यात. हिमवादळ आलं की ट्रक बंद, आणि लोकांना वाटतं बाहेर थंडीच आहे, मग काय बिघडतं. पण गाडी आणि गोदामं गरम ठेवलेली असतात. इथलं कृषी खातं माणसांच्या अन्नाबद्दल सांगतं तोच निकष आम्ही लावतो: आत बर्फाचे कण असतील किंवा तापमान ४ अंशांच्या आत असेल तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. चव आणि पोत थोडा उतरतो, धोका नसतो.

भारतात कोणी ड्राय आइस वापरत असेल तर सावधान. तो −७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरायचा नाही. तो न वितळता थेट वायू होतो, म्हणून बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत डबा उघडा ठेवायचा नाही. हवाबंद डब्यात भरायचा नाही, डबा फुटतो. आणि कुत्र्याला हुंगायला तर अजिबात जवळ येऊ द्यायचं नाही. वायू जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका त्याच्या नाकाच्या उंचीवर.

रेवा_ठाणे

धागा वाचत होते आणि नेमकं आजच! सकाळपासून 'आउट फॉर डिलिव्हरी', आणि आत्ता दुपारी १ वाजता 'ग्राहक उपलब्ध नाही'. मी आणि आई दोघी घरी आहोत, बेल वाजलेली नाही, गेटवरच्या रजिस्टरमध्ये नोंद नाही. काल दुपारी ४ ला डबा भरलाय, किचनने ३० तास सांगितलेत. म्हणजे रात्री १० पर्यंत. कस्टमर केअर म्हणतं उद्या पुन्हा प्रयत्न करतील.

गोदामवाला (भिवंडी)

उद्यापर्यंत थांबू नका. ट्रॅकिंगच्या शेवटच्या ओळीत सेंटरचं नाव असेल. किचनला फोन करून सांगा की त्यांच्या खात्यातून कुरिअरला 'सेल्फ कलेक्ट' टाका. पाठवणाऱ्याचं ऐकलं जातं, घेणाऱ्याचं कमी. रायडर साधारण संध्याकाळी सेंटरवर परत येतो, त्याआधी त्याचा नंबर मिळवा आणि तो जिथे असेल तिथे गाठा. त्याच्यावर ओरडू नका. पावसात साठ-सत्तर पार्सलं घेऊन फिरतात, गेटवर अडवलं की पुढे जातात. शांतपणे 'दादा, यात खाण्याचं आहे, खराब होईल' म्हटलं तर बहुतेक वेळा स्वतः वळून येतात.

पुढच्या वेळेसाठी: पत्त्यात विंगचं नाव, कोणतं गेट, जवळची खूण आणि दुसरा मोबाइल नंबर टाका. डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत 'नाशवंत, आजच द्या' असं स्टिकर लावायला किचनला सांगा. गेटवरच्या ॲपमध्ये आधीच परवानगी टाकून ठेवा, आणि वॉचमनकाकांना सांगा की डबा आला तर उन्हात ठेवू नका, फोन करा.

वकिलीण_बाई

रेवा, तक्रारीसाठी आत्तापासून पुरावा गोळा करा. ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट वेळेसकट, गेटच्या रजिस्टरचा फोटो, डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ, आणि त्यात थर्मामीटरचा आकडा दिसू द्या.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निपटारा करायचा. सदोष माल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. उशीर दैवी आपत्तीमुळे झाला असेल तर उशिरापुरती सूट आहे. पण लक्षात घ्या, घाट बंद होता म्हणून 'उशिरा आलं' याला माफी मिळेल, 'वितळून, खराब होऊन आलं' हा मुद्दा वेगळा मांडा. तक्रारीत 'लेट' एवढंच लिहून थांबू नका, आकडा लिहा: आल्यावर तापमान इतकं, किती पाऊच.

किचनने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या मूल्याला शुल्क नाही.

दर महिन्याचे पैसे आपोआप कापले जात असतील तर कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना येते. मागची ऑर्डर अडकलेली असताना ती सूचना आली तर पुढची थांबवा किंवा पुढे ढकला, नाहीतर दोन डबे एकदम येतील.

अजून एक: 'पार्सल पोचू शकलं नाही, पत्ता दुरुस्त करायला ५ रुपये भरा' अशा लिंका फिरतात. पार्सलची वाट बघत असताना माणूस पटकन दाबतो. कुरिअरच्या मूळ साइटवर एडब्ल्यूबी नंबर स्वतः टाकून बघा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

रेवा_ठाणे

मिळालं! किचनने कुरिअरला सांगितलं, रायडरचा नंबर दिला. ते तीन हात नाक्याजवळ होते, मी रिक्षाने गेले. रायडरदादा चुकून शेजारच्या सोसायटीच्या गेटवर गेले होते, तिथले लोक आमचं नाव नाही म्हणाले. फार भला मुलगा होता.

आता डबा उघडलाय. मधले पाऊच कडक आहेत, दाबल्यावर बर्फ जाणवतो, थर्मामीटर −१. पण झाकणाखालचे चार मऊ आहेत, तिथे ९ दाखवतंय. वास काहीच नाही. आई म्हणते लगेच उकळून आज-उद्या संपवू. काय करू?

पशुवैद्य_साताऱ्याकडे

मधले लगेच फ्रीजरमध्ये. वरचे चार टाकून द्या. ते ९ अंशांवर किती वेळ आहेत ते आपल्याला कळायला मार्ग नाही. उकळल्याने जंतू मरतील, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. आईंना सांगा, अन्न टाकताना जीव तुटतो हे खरं आहे, पण हे टाकायलाच हवं. भटक्या कुत्र्यांनाही घालू नका, त्यांचं पोटही तसंच असतं. पिशवीत बांधून कचऱ्यात.

रेवा_ठाणे

टाकले. व्हिडिओ आणि आकडे किचनला पाठवले, त्यांनी चार पाऊचचे पैसे परत करतो म्हणून लेखी कळवलंय. शिवाय पुढच्या डब्यात झाकणाखालीही जेल पॅक ठेवणार आहेत. आत्तापर्यंत फक्त तळाला ठेवत होते!

वऱ्हाडी_मन (नागपूर)

हे महत्त्वाचं आहे. थंड हवा खाली बसते, म्हणून पॅक वरूनच पायजे. आम्ही आमच्या किचनला सांगून वर आणि चारी बाजूंनी ठेवायला लावलं तेव्हापासून झाकणाखालचा माल मऊ येत नाही. सगळ्यांनी आपापल्या किचनला विचारून घ्या.

बुंदीची_आई (पुणे)

रेवा, छान निभावलंत. डॉक्टरांचं कोरड्या-ताज्याचं प्रमाण, गोदामवाले दादांचं सेल्फ कलेक्ट आणि झाकणाखालचे जेल पॅक, हे तिन्ही मी वर मूळ लेखात घालतेय. एकखिडकी, तुमच्या डोंबिवलीत फ्रीजरचा कप्पा देणारं दुकान कोणाला माहीत असेल तर इथेच सांगा, पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांची सोय लागायला हवी.